आठ महिने वापरून: साडेचारशेचा ओबीडी स्कॅनर आणि २००९ ची पेट्रोल गाडी

स्टिअरिंगखालच्या सॉकेटला ही डबी लावली की गाडीच्या बिघाडाचे कोड ब्लूटूथने मोबाइलच्या ॲपवर दिसतात. आधी एकच स्टार दिला होता, आता चार करतोय. पाचवा मिळणार नाही. कारण डबीवरचं ते 'व्ही २.१'.

जुन्या गाडीवाल्यांनी बाकी काही नाही पाहिलं तरी चालेल, हे पाहा. ईएलएम३२७ या मूळ स्कॅनर चिपच्या नकली डोंगलवर, म्हणजे अशा डबीवर, २.१ लिहिलंय म्हणजे माल नवा, चांगला, असं काही नसतं. त्यातल्या बऱ्याच डब्यांत के-लाइनचे, म्हणजे जुन्या गाड्यांच्या डेटाच्या तारेचे, प्रोटोकॉल (आयएसओ ९१४१, केडब्ल्यूपी) अर्धवट असतात, नाहीतर नसतातच. कॅनवाल्या (दोन तारांची नवी डेटा लाइन) नव्या गाडीत काम भागतं. जुन्या गाडीत लाल दिवा लुकलुकतो, ब्लूटूथ १२३४ टाकून जुळतं आणि ॲप 'ईसीयू (इंजिनचा कंप्युटर) सापडत नाही' म्हणून हात वर करतं. विकणाऱ्याचं उत्तर, 'तुमची गाडी जुनी आहे.' अरे बाबा, जुनी आहे म्हणूनच तर घेतलं! बदलून १.५ मिळालं, लगेच जोडलं गेलं. गंमत म्हणजे मूळ कंपनीने १.५ कधी काढलंच नाही. दोन्ही स्टिकर खोटे, त्यातलं एक कामाचं. खात्री करायची तर डबी उघडा, आत पीआयसी १८एफ२५के८० चिप दिसली तर ठेवा.

घेण्याआधी स्टिअरिंगखालच्या १६ घरांच्या सॉकेटमध्ये टॉर्च मारा. रुंद बाजू वर धरली की वरची रांग डावीकडून १ ते ८, खालची ९ ते १६. सातव्या घरात पितळ दिसलं तर के-लाइन. सहा आणि चौदामध्ये असेल तर कॅन. सुझुकीच्या काही जुन्या गाड्यांत डेटा फक्त नवव्यावर येतो, तिथे हे डोंगल शोभेचं. त्यांना जंपर (दोन घरं जोडणारी तार) लावून चेक इंजिन लाइटच्या लुकलुकी मोजाव्या लागतात: एक, जरा थांबून दोन, म्हणजे १२, सगळं ठीक. जंपरची घरं मॅन्युअल बघूनच ठरवा. १६ आणि ४ जोडलेत तर फ्यूज गेलाच. आपल्याकडे ओबीडी-२ ची (बिघाडाचे कोड वाचायची ठरलेली पद्धत) सक्ती एप्रिल २०१३ पासूनची, त्याआधीच्या गाडीत सॉकेट बसतं म्हणून कोड निघेलच असं नाही.

कोड काढताना चावी ऑन, इंजिन बंद. बॅटरी १२ व्होल्टच्या खाली असेल तर आधी चार्ज करा, नाहीतर भलतेच कोड निघतात. 'क्लिअर' दाबण्याआधी कोड आणि फ्रीझ फ्रेम (कोड आला त्या क्षणाचे आकडे) वहीत उतरवून घ्या.

आता चार स्टार कशाचे, तर पी०११८ चे, म्हणजे कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं) तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या कोडचे. रेडिएटरचा पंखा थांबेना आणि ॲपमध्ये कूलंट उणे ४० अंश. परभणीच्या मे महिन्यात उणे ४०! गॅरेजात हा कोड दाखवला की सरळ 'सेन्सर बदला' सांगतात. पण ११८ म्हणजे सर्किट तुटलंय, एवढंच. सेन्सर दोन तारांचा असेल तर सेन्सरवरचं सॉकेट काढून त्याच्या दोन टोकांत पेपरक्लिप घाला. आकडा एकदम वर चढून पी०११७ (उलटा, शॉर्टचा कोड) आला तर वायरिंग आणि ईसीयू ठीक, सेन्सर गेला. उणे ४० वरच बसला तर तार तुटलेली. तुटली कुठे? सोयाबीनच्या काढणीनंतर उंदीर बोनेटमध्ये शिरतात, तिथून शोधायला लागा. दोन इंच तार, सोल्डर आणि हीटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी), तीस रुपयांत विषय संपला. स्कॅन करायचेच गॅरेजवाले पाचशे घेतात!

एबीएस किंवा एअरबॅगचा दिवा लागला तर याच्या भरवशावर राहू नका, ते कोड हे वाचत नाही. पी१ ने सुरू होणाऱ्या कोडपुढे ॲप जे लिहितं ते अनेकदा दुसऱ्याच कंपनीच्या गाडीचं असतं. आणि काम झालं की डबी उपसून ठेवा. १६ नंबरला चावी बंद असली तरी करंट असतो. आठवडाभर उभ्या गाडीत तशीच राहिली की सकाळी ढकलायला माणसं शोधावी लागतात.