काट्याने काटा : वॉशिंग्टन की पॅरिस?

चेहरा ओळखणाऱ्या तंत्रज्ञानावर बंदी हवी, म्हणून तेच तंत्रज्ञान हाती घ्यायचं. दोन्हीकडे डाव हाच, पण रोख वेगळा.

नोव्हेंबर २०१९ मध्ये 'फाइट फॉर द फ्युचर' या डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या अमेरिकी संघटनेचे तीन कार्यकर्ते पांढऱ्या पोशाखात, डोक्याला फोन बांधून वॉशिंग्टनमध्ये संसदेच्या परिसरात फिरले आणि अॅमेझॉनच्या 'रेकग्निशन' या चेहरे ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने हजारो चेहरे टिपले. खासदारांना धडकी भरवायची होती, पण जाळ्यात बहुतेक साधे वाटसरूच आले. त्यांना विचारलं कुणी?

ऑक्टोबर २०२० मध्ये कलाकार पाओलो चिरिओ याने आंदोलनांच्या फोटोंतून फ्रेंच पोलिसांचे सुमारे ४,००० चेहरे वेगळे काढले, आणि लोकांनी त्यांना नावं द्यावीत म्हणून साइट उघडली. गृहमंत्री दार्मानँ खवळले, साइट उतरवावी लागली.

निशाणा मला चिरिओचाच पटतो: वर्दीतल्या माणसाला सार्वजनिक कामाचा जाब विचारता आला पाहिजे. नाव मागणं मात्र खटकतं. चार हजारांत लाठी चालवणारे किती, नुसते उभे किती? शिवाय नाव कळलं की घर सापडतं, आणि घरात मुलंही असतात. वॉशिंग्टनची आगळीक त्या मानाने किरकोळ.

फ्रान्समध्ये २०१४ पासून गणवेशावर ओळखक्रमांक सक्तीचा आहे. तो अनेकदा दिसतच नाही, ही आंदोलकांची जुनी तक्रार. भांडण तिथेच लावून धरायला हवं होतं.