लॉगबुकातला आकडा की शेजारी उभं राहून दिलेली श्रेणी?

गॅस्ट्रोएंटेरॉलॉजीच्या (पोट-आतड्यांच्या विकारांच्या) फेलोला, म्हणजे शिकाऊ तज्ज्ञ डॉक्टरला, कोलोनोस्कोपी (गुदद्वारातून कॅमेऱ्याची लवचिक नळी, म्हणजे स्कोप, घालून मोठ्या आतड्याची तपासणी) एकट्याने कधी करू द्यायची, हे ठरवायचे दोन मार्ग रूढ आहेत. एक, लॉगबुकातली, म्हणजे नोंदवहीतली, केलेल्या तपासण्यांची संख्या. दुसरा, तपासणी चालू असताना शेजारी उभं राहून एकेका कौशल्याला श्रेणी देणं. ब्रिटनमध्ये त्यासाठी डॉप्सचा (प्रत्यक्ष पाहून कौशल्य तपासण्याच्या पद्धतीचा) फॉर्म भरतात.

संख्येची बाजू लंगडी नाही. हात बसायला केसेस लागतातच, आणि नोंदीला वेळ जात नाही. फक्त उंबरठा हलत राहतो. अमेरिकेत बरीच वर्षं 140 चा आकडा धरला जायचा. मेयो क्लिनिकने कौशल्यवार तक्ता वापरून पाहिलं, तेव्हा सरासरी फेलोला 275 च्या आसपास लागतात असं दिसलं.

माझं मत मात्र वेगळ्याच गोष्टीमुळे ठरलं: मध्येच स्कोप हातातून घेतला जातो, त्यामुळे. फेलो सिग्मॉइडमध्ये, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटाकडच्या वळणदार भागात, अडकतो. ढकललं तरी टोक जागचं हलत नाही, कधी उलट मागे सरकतं, रुग्ण कळवळतो. शिक्षक स्कोप घेतो, घड्याळाच्या दिशेने पीळ देत मागे ओढून लूप, म्हणजे स्कोपला आत पडलेला वेढा, सोडवतो, हेपॅटिक फ्लेक्शरपर्यंत (यकृताजवळच्या वळणापर्यंत) नेतो आणि परत देतो. फेलो सीकमला, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या टोकाला, पोचतो. लॉगबुकात नोंद पडते, ‘सीकमपर्यंत, पूर्ण’. अशा दीडशे नोंदी झाल्या तरी त्याला लूप सोडवता येतो का, याचं उत्तर त्यात सापडत नाही. लूप नसलेल्या सरळ स्कोपवर स्प्लीनिक फ्लेक्शर (प्लीहेजवळचं वळण) साधारण 50 सेंमीवर आणि सीकम 70 ते 80 सेंमीवर येतं. हा हिशेब ज्याच्या हातात मुरलेला नाही, तो 110 सेंमी आत घालूनही ढकलतच राहतो. डॉप्समध्ये लूप हाताळणं हा स्वतंत्र मुद्दा आहे, तिथे पांघरूण घालता येत नाही.

स्कोप बाहेर काढतानाही तेच. किमान वेळेची अट घड्याळावर सहज पुरी होते. आतड्याच्या घड्यांमागे टोक वळवून पाहिलं का, साचलेलं पाणी ओढून घेतलं का, हे शेजारी उभ्या असलेल्यालाच दिसतं.

फॉर्मही बिघडतो, आणि बहुधा दोनच कारणांनी. आठवड्याच्या शेवटी आठवून भरला की सगळ्या चौकटींत एकच श्रेणी पडते. म्हणून रिपोर्ट लिहायच्या आधी भरून घ्यावा. दुसरं, केस सोपी गेली की मगच फेलो फॉर्म पुढे करतो. कुठली केस मोजायची ते स्कोप आत जाण्याआधी ठरवलं की हे थांबतं. काही शिक्षकांचा हात सैल असतो, काहींचा कडक. निदान दोघांच्या श्रेणी असलेल्या बऱ्या.

शिक्षक फारच कमी असतील, तर लॉगबुकच ठेवायला हरकत नसावी. पण त्यात दोन रकाने वाढवा: स्कोप किती सेंमीवर हातातून घेतला, आणि लूप कोणी सोडवला.