गाडी तासभर चालवल्यावर बंद पडते? पैसे देण्याआधी माझा अनुभव वाचा

माझी २०१४ची पेट्रोल हॅचबॅक आहे, मी पुण्यात राहते आणि महिन्यातून एकदा तरी कराडला जाणं होतं. मार्चमध्ये खंबाटकी घाट चढून वर आले आणि चालत्या गाडीत इंजिन एकदम बंद, ना धक्का ना आवाज, आरपीएमचा (इंजिन किती वेगाने फिरतंय ते दाखवणारा) काटा सरळ शून्यावर. शेजारी आई, मागून ट्रक येतायत, स्टेअरिंग जड झालेलं, कशीबशी कडेला घेतली. स्टार्टर फिरत होता पण इंजिन पकडतच नव्हतं. पाऊण तास उन्हात बसलो, मग एका चावीत चालू, जसं काही झालंच नव्हतं.

पुण्यात घराजवळच्या गॅरेजमध्ये दाखवली. बॉनेटसुद्धा नीट न उघडता तो म्हणला ताई फ्युएल पंप गेलाय, गरम झाला की प्रेशर सोडतो. ७,८०० रुपये. पंप खरंच असा गरम होऊन बंद पडू शकतो म्हणून मला पटलं, संध्याकाळी त्याने सोसायटीभोवती दोन किलोमीटर फिरवून दाखवली, गाडी मस्त. तीन आठवड्यांनी शिरवळजवळ परत तेच. मग कॉइल आणि प्लग (ठिणगी पाडणारे पार्ट), ६,५००. मग मे महिन्यात वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये बंद पडली तेव्हा म्हणला आता ईसीएमच (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) जळालाय, ३२,००० लागतील, ५,००० ॲडव्हान्स द्या, दिल्लीहून मागवतो. दिले मी. तिन्ही वेळा यूपीआयने, आणि बिल म्हणून हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या.

या फॉल्टमध्ये फसवणं इतकं सोपं का आहे ते लक्षात घ्या. गाडी थंड झाली की आपोआप चालू होते, म्हणजे मेकॅनिकने काहीही केलं किंवा काहीच केलं नाही तरी टेस्ट ड्राइव्हला ती चांगलीच चालणार. दोन किलोमीटरची टेस्ट म्हणजे टेस्टच नाही.

ईसीएमची वाट बघत असताना आईच्या डोळ्याच्या तपासणीसाठी कराडला जावंच लागलं आणि उंब्रजजवळ चौथ्यांदा बंद पडली. मावसभावाने कराडच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियन काकांना फोन लावून दिला. काकांनी फोनवरच विचारलं, चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोन सेकंद घूं आवाज येतो का? येत होता, म्हणजे पंप फिरत होता. पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून बघ, हवा आत ओढल्याचा आवाज येतो का? नाही, म्हणजे टाकीत हवा जायची वाट तुंबलेली नव्हती. आता स्टार्टर मारताना आरपीएमचा काटा जरा तरी हलतो का बघ. अजिबात हलत नव्हता. म्हणले क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिन फिरतंय हे सांगणारा सेन्सर, बघावा लागेल, गार झाली की हळूहळू घेऊन ये.

त्यांनी माझ्यासमोर स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती दाखवणारं यंत्र) लावला, गाडी आयडलला ठेवली आणि गिअरबॉक्सजवळच्या त्या अंगठ्याएवढ्या सेन्सरवर हीट गन धरली. पाचेक मिनिटांत इंजिन बंद. स्टार्टर फिरतोय आणि स्कॅनरवर आरपीएम शून्य. ओलं फडकं गुंडाळून थोडं थांबले, गाडी चालू! मग सेन्सर काढून मीटर लावला, थंड असताना रीडिंग येत होतं, गरम केल्यावर सर्किट ओपन. आतली बारीक तार गरम झाली की तुटते आणि गार झाली की परत टेकते, आणि हा सिग्नल गेला की ईसीएमला इंजिन फिरतंय हेच कळत नाही, मग स्पार्क पण बंद आणि पेट्रोल पण बंद. सेन्सर १,४५०, मजुरी ३००.

मी म्हणलं काका नवीन पंपही एकदा बघा. त्यांनी मागची सीट उचलली. पंपाच्या झाकणावर आणि स्क्रूंच्या खाचांत धूळ घट्ट बसलेली, कुठेही पाना लागल्याची खूण नाही. बाहेर काढला तर अंगावर २०१४चाच छाप. प्लग नवे होते, कॉइल मात्र जुनीच, पुसून बसवलेली.

अंदाज चुकला तर मी कुणाला चोर म्हणणार नाही, हा फॉल्ट सापडायला खरंच अवघड आहे आणि कधी कधी स्कॅनरवर फॉल्टचा कोडही पडत नाही. पण न बदललेल्या पार्टचे पैसे घेणं ही चोरी आहे, आणि त्यापायी माझी आई हायवेच्या कडेला परत परत उन्हात बसली याचा मला जास्त राग आहे.

तुमची गाडी अशी बंद पडत असेल तर बंद पडलेली असतानाच ते आवाज आणि काटा बघा, शक्यतो व्हिडिओ काढा (काही गाड्यांत स्टार्टर मारताना काटा तसाही हलत नाही, तिथे स्कॅनरच लागतो). जुना पार्ट हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका, पक्कं जीएसटी बिल मागा, आणि टेस्ट ड्राइव्ह निदान तासभराची, तुम्ही स्वतः गाडीत बसून.

गॅरेजवाला आता फोन उचलत नाही, ॲडव्हान्सही परत नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली आहे, नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी लागत नाही. पंपावरचा २०१४चा छाप आणि "नवीन पंप" लिहिलेली त्याची चिठ्ठी शेजारी शेजारी ठेवून फोटो काढून ठेवलाय.