स्वस्तातले वायरलेस इयरबड्स, वर्षभर वापरल्यानंतर

पहिल्या आठवड्यात लिहिलेल्या रिव्ह्यूला काही अर्थ नसतो, तेव्हा सगळंच भारी वाजतं, म्हणून वर्ष उलटल्यावर लिहितोय. आवाज खरंच चांगला आहे, बेस थोडा जास्त, पण कॉलवर समोरच्याला नीट ऐकू जातं आणि फोनला पटकन जोडले जातात. या पैशात एवढं मिळतंय हे मान्य करायलाच हवं.

घोळ बॅटरीचा आहे. नवीन होते तेव्हा आरामात चार तास जायचे, आता तासाभरात उजवा बंद पडतो आणि मागोमाग डावा. आणि हा फक्त माझ्याच पीसचा दोष नाहीये, माझे जरा जास्तच लवकर उतरले असतील, पण उतरतात सगळ्यांचेच. बडमधला सेल साधारण 30 ते 50 एमएएचचा, म्हणजे फोनच्या बॅटरीच्या शंभराव्या हिश्श्याएवढा, आणि असा लिथियम-आयन सेल 300 ते 500 सायकल (एक सायकल म्हणजे एकदा पूर्ण चार्ज होऊन रिकामा होणं) झाल्या की मूळ क्षमतेच्या 80 टक्क्यांच्या आसपास येतो. रोज एकदा रिकामा केलात तरी वर्ष-दीड वर्षात तिथे पोचलात, त्यात चार्जिंग केसमध्ये ठेवला की तो सतत फुल चार्ज राहतो, त्यानेही लवकर म्हातारा होतो.

सेल बदलता आला असता तर माझी काहीच तक्रार नव्हती. पण बॉडी गोंदाने चिकटवलेली, उघडायला गेलं की तुटते, आणि कोणी करून दिलंच तर मजुरी नव्या जोडीच्या किमतीला भिडते. वॉरंटीत पण दुरुस्त करून देत नाहीत, नवीन पीसच देतात, कारण तपासायला माणूस बसवण्यापेक्षा ते स्वस्त पडतं!

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने 1970 मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजाराबद्दल हेच मांडलं होतं, घेणाऱ्याला चांगला माल ओळखताच येत नसेल तर तो जास्त पैसे मोजत नाही आणि मग चांगला माल विकणाराच मागे हटतो. इथे बॉक्सवर प्लेटाइम मोठ्या अक्षरात असतो, सेल किती सायकल टिकेल ते कुठेच नाही, मग कंपनी चांगल्या सेलवर खर्च करेल कशाला? आणि टाकून दिलेल्याचा हिशोब वेगळाच, 2022 मध्ये जगात 6 कोटी 20 लाख टन ई-कचरा झाला, त्यातला रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद फक्त 22.3 टक्क्यांची.

बरं, जमत नाही असंही नाही. फेअरफोन या मोबाइल कंपनीने 2024 मध्ये बॅटरी बदलता येणारे बड्स काढले, केसची पण बदलता येते. युरोपियन युनियनमध्ये 18 फेब्रुवारी 2027 पासून काही अपवाद सोडले तर अशा छोट्या बॅटऱ्या वापरणाऱ्याला स्वतः काढता आल्या पाहिजेत असा नियम लागू होतोय, मला तरी त्याच्याकडून खूप आशा आहे.

तोवर घेणार असाल तर किमतीला बारा-पंधरा महिन्यांनी भागा आणि मग महागाच्या जोडीशी तुलना करा, आणि नुसतं टेबलावर बसून ऐकायचं असेल तर सरळ वायरवाले घ्या, त्यात बॅटरीच नाही आणि पिन तुटली तर सोल्डर करून मिळते. माझ्याकडून पाचपैकी दोन स्टार.