मुंबई ते न्यूयॉर्क: थेट, दुबईमार्गे की लंडनमार्गे?

मुंबईहून न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळाचं सरळ हवाई अंतर आहे सुमारे १२,५५० किलोमीटर. लंडनमार्गे ते १२,७५० च्या आसपास जातं, दुबईमार्गे १२,९५० च्या. किलोमीटर पाहून ठरवायचं म्हटलं तर तिन्ही वाटा जवळपास सारख्याच. वेळ जातो तो जमिनीवर.

थेट विमानाला जाताना साधारण १६ तास लागतात, येताना १४ ते साडेचौदा. उंचावरचे वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो, त्यामुळे जानेवारीत विमान उशिरा पोचलं तर नवल नाही. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, त्याचा फटका दिल्लीला जास्त बसला. मुंबईहून अरबी समुद्रावरून बाहेर पडता येतं.

दुबईमार्गे सव्वातीन तास आणि मग सुमारे १४ तास. दोन-तीन तासांचा थांबा धरला तर १९-२० तास. लंडनमार्गे साडेनऊ-दहा आणि आठ, म्हणजे थांब्यासह २०-२१. आकडे जवळजवळ सारखे, पण प्रवास अगदी वेगळा. दुबईचा थांबा इतका लवकर येतो की नीट थकायच्या आतच उतरावं लागतं, आणि १४ तासांची बैठक पुढे शिल्लकच राहते. गुडघे किंवा कंबर धरत असेल तर प्रवासाचे खरे दोन भाग होतात ते लंडनला. तिथे मात्र पुन्हा सुरक्षा तपासणी होते आणि कधी टर्मिनलही बदलावं लागतं. दीड तासाचं कनेक्शन कागदावर चालतं, पण पहिलं विमान रखडलं की हुकतं. अडीच-तीन तास ठेवा.

वयस्कर आईवडील एकटे जाणार असतील तर थेटच बरं. जास्तीचे पैसे विमान बदलण्याची धावपळ टाळण्यासाठी आहेत. व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवावी.

स्वस्त पडतं म्हणून दोन वेगळी तिकिटं काढू नका. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. बॅगाही सहसा पुढे जात नाहीत, आणि त्या घ्यायला बाहेर पडायचं तर त्या देशाचा व्हिसा लागतो. न्यूयॉर्कहून पुढे शिकागो किंवा डॅलसला जायचं असेल तर अबूधाबीही पाहा: अमेरिकेची इमिग्रेशन आणि कस्टम तपासणी तिथेच उरकते. एरवी ती न्यूयॉर्कला होते, आणि बॅगा उचलून पुन्हा द्याव्या लागतात.

तिकिटावरच्या वेळा स्थानिक असतात. उन्हाळ्यात न्यूयॉर्क साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. जूनमध्ये मुंबईहून पहाटे २ ला निघालेलं थेट विमान त्याच तारखेला सकाळी साडेआठच्या सुमारास उतरतं. न्यू जर्सीत एडिसनकडे जायचं असेल तर जेएफकेऐवजी नेवार्क विमानतळाचं तिकीट मिळतंय का तेही बघा. जेएफकेहून अख्खं शहर ओलांडावं लागतं.