सेकंडहँड मॅट्रिक्स स्विचर घेताना माझे ३८,००० रुपये कसे गेले

मी मालवण तालुक्यात साउंड आणि स्क्रीनचं काम करतो. लग्नं, जत्रेतली दशावतारी नाटकं, गणपतीतली डबलबारी भजनं. मे महिन्यात मुंबईच्या एका विक्रेत्याने मला फसवलं. तक्रार चालू आहे म्हणून नाव लिहीत नाही, पण पद्धत पूर्ण लिहितो. आपल्या लाइनीतली बरीच पोरं असा माल फोनवरच बघून घेतात, आणि मीही तेच केलं होतं.

किनाऱ्यालगतच्या एका मंगल कार्यालयाचं काम माझ्याकडे आलं होतं. स्टेजच्या दोन्ही बाजूंना स्क्रीन, खाली पंगतीच्या हॉलमध्ये दोन, वधूच्या खोलीत एक आणि बाहेर मांडवात एक, अशा सहा स्क्रीन. दोन कॅमेरे, एक लॅपटॉप आणि एक सेटटॉप बॉक्स, यातलं कुठलंही चित्र आणि आवाज कुठल्याही स्क्रीनवर पाठवायचं असेल तर मॅट्रिक्स स्विचर लागतो. मला ८ इनपुट, ८ आउटपुटचा हवा होता. अडचण जागेची होती. रॅक स्टेजमागच्या कोठडीत आणि माझं मिक्सर हॉलच्या दुसऱ्या टोकाला. अंतरपाट धरलेला असताना स्टेजवरून पलीकडे जाऊन बटण दाबता येत नाही. म्हणून लॅपटॉपवरून टेक्स्ट कमांड घेणारंच मशीन पाहिजे होतं. ३*४! एवढं टाइप केलं की तिसरा इनपुट चौथ्या आउटपुटला जोडला जावा, चित्र आणि आवाज दोन्ही. नवीन मशीन माझ्या बजेटच्या फार बाहेर होतं.

विक्रेत्याने व्हिडिओ कॉलवर डेमो दिला. टेबलावर लॅपटॉप, मागे भिंतीवर टीव्ही. मशीन टेबलाखाली, फ्रेममध्ये अर्धंच दिसत होतं. त्याने कमांड टाइप केली, लॅपटॉपवर ‘ओके’ आलं, टीव्हीवरचं चित्र बदललं. असं पाच-सहा वेळा. मला शंका घ्यायला काही कारणच वाटलं नाही. २०,००० लगेच आणि १८,००० माल निघताना, असे पैसे यूपीआयने पाठवले. पार्सल लक्झरीने कणकवलीला आलं.

समोरची बटणं दाबली तर मशीन झकास चालत होतं. चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ. लॅनची म्हणजे नेटवर्कची केबल लावली तर पोर्टवरचा दिवाच लागेना. मग सीरियल पोर्ट घेतला, आरएस-२३२, म्हणजे एका केबलने लॅपटॉपवरून मशीनला कमांड द्यायचा जुना रस्ता. सेटिंग नेहमीचंच ठेवलं, स्पीड ९६००, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. सरळ केबल लावली, क्रॉस केबल लावली. कमांडच्या शेवटी एंटर देऊन बघितला, न देता बघितला. रात्री दीडपर्यंत मी आणि माझा हेल्पर बसून होतो. शेवटी तो म्हणाला, “दादानू, ह्या कायच बोलना नाय.”

विक्रेता आधी म्हणाला केबल खराब. मग माझं सॉफ्टवेअर चुकीचं. मग म्हणाला, तुमच्याकडची खारी हवा लागून पोर्ट गेला असेल. मशीन येऊन तीन दिवस झाले होते. खाऱ्या हवेने माझे कनेक्टर गंजलेले मी दर पावसाळ्यात बघतो, तीन दिवसांत असं होत नाही. त्याने लॅपटॉपचा रिमोट ताबाही मागितला, तो मी दिला नाही.

केबलचा प्रश्न मी असा मिटवला. केबल मशीनमधून काढली आणि तिच्या मोकळ्या टोकाच्या २ आणि ३ नंबरच्या पिना, एक पाठवायची आणि एक घ्यायची, तारेच्या तुकड्याने जोडल्या. आता जे टाइप करू तेच स्क्रीनवर परत यायला हवं. आलं. म्हणजे लॅपटॉप ठीक, केबल ठीक. मग मशीनचं झाकण उघडलं. सीरियल पोर्टच्या मागे जिथे पोर्ट आणि मशीन यांच्यातलं बोलणं करून देणारी सोळा पायांची चिप असते तिथे नुसते सोळा ठसे होते. चिप काढलेली. कथिल पुसून जागा स्वच्छ केलेली. खाऱ्या हवेला कथिल पुसता येत नाही.

मग डेमोत ‘ओके’ कोण म्हणत होतं? तो कॉल मी रेकॉर्ड केला होता, माझ्या भावाला दाखवायला. मोठ्या स्क्रीनवर लावून थांबवत थांबवत बघितला. लॅपटॉपच्या खिडकीत वरच्या कोपऱ्यात पत्ता होता १२७.०.०.१. हा पत्ता म्हणजे लॅपटॉप स्वतःशीच बोलतोय. समोर मशीन असतं तर तिथे मशीनचा पत्ता दिसला असता. लॅपटॉपमधलाच एखादा छोटा प्रोग्रॅम प्रत्येक ओळीला ‘ओके’ म्हणत होता आणि टेबलाखाली दुसरं कोणीतरी बटणं दाबत होतं. हे मी अंदाजाने लिहीत नाही. एकदा त्याच्याकडून ३*१४! असं टाइप झालं, एक आकडा जास्त पडला. मशीनला आउटपुट आठच. तरी ‘ओके’ आलं, आणि चौथ्या आउटपुटवरचं चित्र बदललंसुद्धा. बटण दाबणाऱ्याला तोंडी ‘तीन-चार’ असंच ठरवून दिलेलं असणार.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, डेमो घेताना बरोबर कमांड बघत बसू नका. मुद्दाम चुकीची द्यायला सांगा. नसलेला आउटपुट मागा, खऱ्या मशीनने नकार दिला पाहिजे. लॅनची केबल काढून तीच कमांड परत द्यायला लावा, उत्तर येता कामा नये. लॅपटॉप, मशीनचं समोरचं पॅनल आणि विक्रेत्याचे दोन्ही हात एकाच फ्रेममध्ये असू द्या. आणि कॉल रेकॉर्ड करा. माझ्या हातात आज पुरावा आहे तो तेवढाच.

पैसे गेल्याचं कळताच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी रक्कम समोरच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त. मी विक्रेत्याशी वाद घालण्यात नऊ दिवस घालवले, तोवर खातं रिकामं होतं. ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुंबईला खेपा घालाव्या लागत नाहीत. मुदत दोन वर्षं. धंद्यासाठी घेतलेला माल त्यात बसत नाही असं मला एकाने सांगितलं होतं, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू बसते. मी त्याच आधारावर अर्ज केला आहे.

कार्यालयाचं काम मी सोडलं नाही. गणपतीच्या आधी कोल्हापुरात एकाकडे एक्स्ट्रॉन कंपनीचा जुना मॅट्रिक्स स्विचर मिळाला. या वेळी एसटीने स्वतः गेलो, माझा लॅपटॉप आणि माझी केबल घेऊन. जोडल्याबरोबर पहिली कमांड दिली ३*१९! आणि स्क्रीनवर आलं ई१२, म्हणजे असा आउटपुट नाही. पैसे मी त्यानंतर काढले.