ओल्या पावलाचा ठसा की दोन वजनकाटे?

रावेर-यावलकडे केळीचे घड खांद्यावर वाहणारी माणसं दम खाताना पुष्कळदा एकाच पायावर रेललेली दिसतात. आपला भार दोन्ही पायांवर सारखा पडतो का, हे घरी तपासायचं कसं? ओल्या पावलाचा ठसा फुकटात उमटतो, पण तो तळव्याची कमान सांगतो. कुठल्या पायावर किती भार, ते नाही. दोन सारखे काटे शेजारी ठेवून एकेकावर एकेक पाय ठेवा, नजर समोर. आकडे दुसऱ्याला वाचू द्या (स्वतः वाकलात की भार सरकलाच). ६० किलोच्या माणसाला ३०-३० च्या आसपास यावेत. माझा कौल काट्यांना. पण फरक दिसला म्हणून लगेच कंबरेच्या सांध्याला दोष नको. कणा आणि कटीचं हाड जोडणारा हा सांधा मुळात जेमतेम २ ते ४ अंश हलतो. दुखरा गुडघा, आखडलेला घोटाही भार ढकलतो.